धडे नोंदवले जातात, पण पुढच्या कामात ते दिसत का नाहीत?

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. नवी मुंबईतील पाणीपुरवठा सुधारणेच्या एका कार्यक्रमात आपण प्रकल्प व्यवस्थापन सल्लागारांच्या बाजूने काम पाहता. कार्यक्रमात जलवाहिन्या, उंच जलकुंभ आणि पंपगृहे अशी वेगवेगळ्या ठेकेदारांना दिलेली कामे आहेत. त्यांतली काही पूर्ण झाली आहेत, काही चालू आहेत आणि दोन कामांच्या निविदा लवकरच निघणार आहेत. प्रत्येक काम संपल्यावर आपण कार्यशाळा घेता, तीत पुढे आलेले धडे एक्सेलमध्ये नोंदवता, आणि आता त्या नोंदी तीनशेच्या घरात गेल्या आहेत. तरीही नव्या कामांत विलंबाची कारणे जुनीच निघतात. यासाठी एखादे चांगले सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपल्या वरिष्ठांचे म्हणणे आहे. ते घ्यावे का आणि नोंदींचे वर्गीकरण कसे करावे, असे आपण विचारले आहे.

वर्गीकरणाचा मुद्दा मी थोडा मागे ठेवतो, कारण माझ्या मते खरी अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते. नोंदी सापडत नाहीत म्हणून वापरल्या जात नाहीत, असे आपण धरून चाललो आहोत. प्रत्यक्षात त्या कोणी शोधायलाच जात नाही. निविदेचा मसुदा करणारा अभियंता मागच्या कामाचा मसुदा उघडतो, कामाचे नाव आणि परिमाणे बदलतो आणि तो मंजुरीसाठी पुढे पाठवतो. वेळापत्रक करणाराही मागचेच वेळापत्रक समोर घेऊन बसतो. त्यांच्या हातातल्या त्या कागदात धडा उतरलेला नसेल, तर तो दुसरीकडे कितीही नीट लिहून ठेवलेला असला तरी या दोघांच्या निर्णयावर त्याचा काही परिणाम होत नाही. साधनांची आणि पैशांची कमतरता नसलेल्या संस्थांनाही हा अनुभव आला आहे. नासाने अशा धड्यांची संगणकीय माहितीप्रणाली उभारलेली असताना २००२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने असा अहवाल दिला की, धडे नियमितपणे टिपलेही जात नाहीत आणि इतरांपर्यंत पोहोचतही नाहीत. पुढे २०१२ मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हाही प्रकल्प व्यवस्थापक त्या प्रणालीकडे क्वचितच वळतात असे आढळले. म्हणून सॉफ्टवेअरपासून सुरुवात करू नये, असे मी सुचवतो.

यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगायला हवे. आपण मालकाच्या बाजूने आहात, सल्लागाराच्या की ठेकेदाराच्या, यावर कोणता कागद बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे हे ठरते. कामे एकापाठोपाठ एक आहेत की एकमेकांवर चढलेली, यावर शिकायला किती वेळ मिळतो हे ठरते. माझा अनुभव ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील पाणी व मलनिःसारण वाहिन्यांच्या कार्यक्रमांचा आहे. ऐरोली किंवा महापे येथे सॉफ्टवेअरचे कार्यक्रम चालवणाऱ्यांना यातला करारांचा भाग वेगळा वाटेल. बाकीचा भाग मात्र त्यांनाही बराचसा लागू पडावा.

आता नोंद कशी लिहावी, याकडे येतो, कारण बहुतेक नोंदी लिहितानाच निकामी झालेल्या असतात. आपण नमुन्यादाखल दिलेली नोंद अशी आहे: ‘भूमिगत सेवावाहिन्यांचे सर्वेक्षण अधिक काळजीपूर्वक करावे.’ यात चुकीचे काहीच नाही, आणि तरीही हे वाक्य वाचून कोणीही काहीही वेगळे करणार नाही. असाच एक प्रसंग जवळून पाहू. जुन्या नोडमधल्या (नवी मुंबईतल्या नियोजित उपनगराला नोड म्हणतात) एका चौकात डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे लवचिक बिडाचे) पाइप टाकण्यासाठी खोदाई सुरू झाली आणि नकाशात एका बाजूला दाखवलेली विजेची केबल प्रत्यक्षात आपल्याच रेषेत निघाली. पाइपाची रेषा मीटरभर सरकवायची तर दोन जादा बेंड (वळणाचे जोडतुकडे) लागतात. सरळ पाइप साठ्यात असतात, पण त्या व्यासाचे बेंड मागवावे लागतात. तोपर्यंत चौकातला खड्डा उघडा, भोवती बॅरिकेड, वाहतूक पोलिसांनी दिलेली मुदत संपत आलेली आणि सोसायट्यांच्या तक्रारी सुरू. कार्यशाळेत याची नोंद ‘सर्वेक्षण नीट नव्हते’ अशीच होणार. पण पुढे विचारत गेले की कळते, नकाशा नियोजनाच्या वेळचा होता, प्रत्यक्ष टाकलेल्या केबलचा नव्हता. तो शंकास्पद आहे हे ठेकेदाराच्या माणसांना माहीत होते. चौकात आधी ट्रायल पिट (खाली काय आहे ते पाहण्याचे छोटे खड्डे) घेऊन बघायला हवे होते हेही माहीत होते. पिट घेतले नाहीत, कारण निविदेत त्यांचे वेगळे परिमाण आणि दर नव्हते. ‘ठेकेदाराने आवश्यक ती खातरजमा करावी’ असे एक सर्वसाधारण वाक्य तेवढे होते. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत, ते घाईच्या दिवसांत होत नाही.

इथवर पोहोचल्यावर धडा आपोआप वेगळा लिहिला जातो: जुन्या नोडमध्ये प्रत्येक चौकात आणि प्रत्येक मोठ्या जोडणीच्या जागी, बेंड व टी (तीन तोंडांचे जोडतुकडे) मागवण्यापूर्वी ट्रायल पिट घ्यावेत; निविदेच्या परिमाणपत्रकात (बाबी, परिमाणे आणि दर यांच्या यादीत) त्यांची स्वतंत्र बाब असावी; आणि पिटांचे मोजमाप नकाशावर चढल्याशिवाय अंतिम रेषेला मंजुरी देऊ नये. यात कोणत्या परिस्थितीत, कोणी, कशाच्या आधी आणि कोणत्या कागदात काय बदलायचे हे सगळे आले. नोंद तपासताना मी एवढेच बघतो: ती वाचून विशिष्ट पदावरच्या माणसाला विशिष्ट कागदात काहीतरी बदलता येते का? येत नसेल, तर कारणाचा शोध अजून पुरा झालेला नाही.

परिस्थिती लिहिण्याचा आग्रह मी विशेष धरतो, कारण आपल्याच भागात काही किलोमीटरच्या अंतरात जमीन पूर्ण बदलते. खाडीकडच्या बाजूला भरावाखाली मऊ चिखलमाती लागते, भूजल अगदी वर असते, खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून शोअरिंग (कडांना तात्पुरता आधार) आणि पाणी उपसण्याची सोय पहिल्या दिवसापासून लागते, आणि खंदकात अचानक पाणी भरले तर मोठ्या व्यासाचा रिकामा पाइप चक्क तरंगून जागा सोडतो. पारसिकच्या डोंगराकडे सरकत गेले की मुरूम आणि काळा कातळ लागतो. तिथे प्रश्न ब्रेकरने फोडाव्या लागणाऱ्या खडकाच्या परिमाणाचा असतो. खाडीकाठचा ‘पाइप टाकला की त्याच दिवशी त्यावर निम्मी भरणी करावी’ हा धडा कातळाच्या भागात जसाच्या तसा उचलला, तर सांधे उघडे ठेवून तपासण्याची सोय विनाकारण गमावली जाते. परिस्थितीचा उल्लेख नसलेला धडा असा दुसऱ्या ठिकाणी नुकसानही करू शकतो, आणि एकदा तसे झाले की लोकांचा सगळ्याच नोंदींवरचा विश्वास उडतो.

नोंदी कधी घ्याव्यात? काम संपल्यानंतरची कार्यशाळा पूर्ण बंद करा असे मी म्हणत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. तोवर साइटवरचा अभियंता दुसऱ्या कामावर गेलेला असतो, ठेकेदाराचा पर्यवेक्षक नोकरी सोडून गेलेला असतो, मुदतवाढीचा आणि जादा बाबींचा हिशेब अजून मिटलेला नसतो, त्यामुळे समोर बसलेला प्रत्येक जण जपून बोलतो. त्याऐवजी कामातल्या पहिलेपणाच्या टप्प्यांवर छोटी बैठक घ्यावी: पहिला सलग पट्टा टाकून झाल्यावर, पहिल्या हायड्रोटेस्टनंतर (वाहिनीत दाबाने पाणी भरून घेतलेल्या चाचणीनंतर), पाणी बंद ठेवून केलेल्या पहिल्या जोडणीनंतर, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर. अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात सरावानंतरच्या चर्चेची जी पद्धत बसवली, तिचे चार प्रश्न इथे पुरेसे आहेत: काय व्हायला हवे होते, काय झाले, तसे का झाले, आणि पुढच्या वेळी काय तसेच ठेवायचे आणि काय बदलायचे. अर्धा तास पुरतो. बैठक साइटवरच व्हावी, आणि तीत पाइप फिटर, फोरमन, व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी हे असलेच पाहिजेत. ते मराठीत किंवा हिंदीत जे सांगतात, ते त्याच शब्दांत टिपून घ्यावे. कार्यालयात येऊन त्याचे गुळगुळीत इंग्रजी इतिवृत्त झाले की नेमकी उपयोगाची गोष्ट त्यातून गळते. ‘टेस्टचे पाणी आणायला टँकर मे महिन्यात मिळत नाही’ हे एका फिटरचे वाक्य ‘संसाधन नियोजनात सुधारणा आवश्यक’ या वाक्यापेक्षा फार मोलाचे आहे, कारण त्यातून हायड्रोटेस्ट पाणीकपातीच्या दिवसांच्या आधी बसवावी आणि पाण्याचा स्रोत काम सुरू होतानाच ठरवावा, असा बदल थेट निघतो.

मोकळेपणाची अडचण खरी आहे आणि ती केवळ ‘दोष देऊ नका’ असे सांगून सुटत नाही. सार्वजनिक कामात प्रत्येक लिखित वाक्य उद्या लेखापरीक्षणात, दंडाच्या वादात किंवा माहिती अधिकाराच्या अर्जावर बाहेर येऊ शकते, हे सर्वांना ठाऊक असते. माझी पद्धत अशी आहे की, कराराचा पत्रव्यवहार आणि धड्याची नोंद या दोन वाटा पूर्णपणे वेगळ्या ठेवायच्या. कोणाच्या चुकीने किती दिवस गेले हा पत्रव्यवहाराचा विषय आहे आणि तो तिथे सविस्तर व्हावा. नोंदीत मात्र व्यक्तीचे वा ठेकेदाराचे नाव न घालता पुढच्या कामातला प्रस्तावित बदल लिहावा. ‘अमुक अभियंत्याने अर्ज उशिरा केला’ याऐवजी ‘पंपगृहाच्या उच्चदाब वीजजोडणीचा अर्ज पायाचे काम सुरू होतानाच करावा, मुख्य वेळापत्रकात ही स्वतंत्र बाब असावी’ असे लिहिले, तर खरे तेच सांगितले जाते आणि कोणी अडचणीतही येत नाही. तरीही काही गोष्टी कागदावर येणारच नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, ती पुढे सांगतो.

एकट्या प्रकल्पाला नसलेली एक सोय कार्यक्रमाला असते, आणि ती वाया जाताना मी पुष्कळदा पाहतो. आपली कामे एकाच दिवशी सुरू झालेली नाहीत. घणसोलीच्या बाजूचे काम हायड्रोटेस्टपर्यंत आलेले असताना नेरुळच्या बाजूचे खोदाईवर आणि तिसरे निविदेवर असेल, तर पहिल्या कामातला धडा दुसऱ्यात आणि तिसऱ्यात त्याच वर्षी उतरू शकतो. त्यासाठी काहीही संपण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र कार्यक्रमाच्या पातळीवर एक माणूस असा हवा, ज्याच्याकडे नोंदी येतात आणि ज्याला नमुना-कागद बदलण्याचा अधिकार आहे किंवा तो अधिकार असलेल्याशी तो दर महिन्याला बसतो. हा माणूस कनिष्ठ असून चालत नाही. नोंदी गोळा करण्याचे काम नव्याने लागलेल्या पदविकाधारकाकडे दिले की संस्था या कामाला किती किंमत देते हे सर्वांना कळते. मासिक बैठकीत प्रत्येक नोंदीवर निर्णय व्हावा: सर्व कामांना लागू, ठरावीक परिस्थितीतच लागू, की कारण देऊन नामंजूर. नामंजुरीचे कारण नोंद देणाऱ्याला कळवणे फार महत्त्वाचे आहे. उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा नोंद देत नाही.

मग मंजूर धडा कुठे उतरवायचा? पाणीपुरवठ्याच्या कार्यक्रमात माझ्या समोर साधारण चारच जागा असतात: निविदेचा नमुना-मसुदा आणि परिमाणपत्रक, मुख्य वेळापत्रक, साइटवरच्या तपासणी-याद्या, आणि टप्पा ओलांडण्यापूर्वीच्या मंजुरीच्या अटी. यांपैकी वेळापत्रकाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते, कारण इथे परवानग्यांना लागणारा वेळ बांधकामाच्या वेळेपेक्षा निर्णायक असतो. पावसाळ्यापूर्वी रस्ते खोदाईची परवानगी बंद होते आणि पावसाळा संपेपर्यंत मिळत नाही. एप्रिलमध्ये आठ दिवसांचा उशीर झाला, तर तो पुढे चार महिन्यांचा होऊ शकतो. रेल्वेमार्गाखालून वाहिनी न्यायची असेल तर रेल्वेची तपासणी आणि ब्लॉक (गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ) धरावे लागतात. खाडीकाठी कांदळवन असेल तर आणखी वेगळी बाब असते: मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही विचारात घ्यावा लागतो. वाहिनीची रेषा या पट्ट्यात शिरते का, हे सर्वेक्षणाच्या पहिल्या आठवड्यात पाहिले तर बहुधा रेषा सरकवूनच प्रश्न मिटतो. पाइप मागवल्यानंतर पाहिले तर वर्षाचे गणित बदलते. हे सगळे कोणाला ना कोणाला माहीत असतेच. पण नमुना-वेळापत्रकात ‘परवानग्या – ६० दिवस’ अशी एकच ओळ असते आणि ती प्रत्येक नव्या कामात तशीच नकलली जाते. त्या एका ओळीच्या जागी प्रत्येक परवानगीची वेगळी ओळ, तिच्या आधी काय पूर्ण हवे आणि मागच्या कामांत प्रत्यक्ष किती दिवस लागले हे आले, की पुढचे वेळापत्रक करणाऱ्याला धड्यांची नोंदवही उघडण्याची गरजच राहत नाही.

म्हणूनच नोंदीची स्थिती ‘बंद’ कधी म्हणायची याचा मी एकच नियम ठेवतो. परिपत्रक काढले, ईमेल पाठवले, प्रशिक्षणात सांगितले, एवढ्याने ती बंद होत नाही. कोणत्या कागदाच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या कलमात वा ओळीत बदल झाला, हे नोंदीसमोर लिहिले गेले आणि तो कागद एका तरी नव्या कामात वापरला गेला, की मगच ती बंद होते.

कागदावर न येणाऱ्या गोष्टींची वाट आता सांगतो, आणि वेळ कमी असेल तर आपण यापासूनच सुरुवात करावी असे मला वाटते. नवे काम सुरू होण्यापूर्वी, शक्यतो निविदेच्या आधी, आधीच्या दोन कामांवरच्या साइट अभियंत्यांना दोन-तीन तासांसाठी बोलवा. पन्नास स्लाइड दाखवू नका. नव्या कामाचा नकाशा टेबलावर पसरा, त्यांच्या हातात लाल पेन्सिल द्या आणि विचारा, ‘हे काम तुमच्याकडे आले असते, तर तुम्ही आधी कुठे जाऊन बघितले असते?’ पहिली काही मिनिटे शांततेत जातात. मग एक जण एखाद्या सर्व्हिस रोडवर खूण करतो आणि सांगतो की इथे जुनी वाहिनी आहे, ती कोणत्याच नकाशात नाही. दुसरा सांगतो की या सेक्टरमध्ये पाणी बंद करायचे तर नकाशातला व्हॉल्व्ह पुरत नाही, मागचा एक पूर्ण बसत नाही म्हणून दोन बंद करावे लागतात. चांगल्या गोष्टीही अशाच बैठकीत बाहेर पडतात. अशाच एका बैठकीत एकाने सांगितले की, शटडाउनच्या (पाणी बंद ठेवण्याच्या) दोन दिवस आधी सोसायट्यांच्या सचिवांना नेमकी वेळ कळवली आणि काम लांबले तेव्हा पाणी येण्याची आधी सांगितलेली वेळ होताच पुन्हा निरोप दिला, त्यामुळे त्या भागात एकही मोर्चा आला नाही. असे यश कोणत्याच कार्यशाळेत नोंदले जात नाही, कारण जे बिघडले नाही त्याची चर्चा होत नाही. सांगणाऱ्याला इथे मागच्या कामाचा जाब द्यायचा नसतो, पुढच्या सहकाऱ्याला मदत करायची असते; म्हणून तो मोकळेपणाने बोलतो. लाल खुणांचा तो नकाशा निविदा तयार करणाऱ्या अभियंत्याच्या स्वाधीन करावा, आणि त्यानेही या बैठकीला पूर्ण वेळ हजर असावे.

वरिष्ठांना हे पटवताना आपल्याला आधार हवा असेल, तर आपल्या संस्थेकडे आयएसओ ९००१ प्रमाणपत्र आहे का ते पाहा. त्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे संस्थेच्या ज्ञानाविषयीचे कलम आहे आणि अपयशातून तसेच यशस्वी प्रकल्पांतून घेतलेल्या धड्यांचा उल्लेख त्यात ज्ञानाचा अंतर्गत स्रोत म्हणून आहे. नोंदींची संख्या वाढली म्हणजे प्रगती झाली, असे मात्र वरिष्ठांना दाखवू नका. दाखवायचेच असेल तर मुदतवाढीची पत्रे आणि जादा बाबींचे प्रस्ताव काढा, त्यांतली कारणे एकाखाली एक मांडा, आणि आधी नोंदवलेले कारण किती वेळा पुन्हा आले ते दर सहा महिन्यांनी मोजा. हा आकडा खाली येत असेल तर कार्यक्रम शिकतो आहे. तो जागच्या जागी असेल, तर नोंदवहीत हजार ओळी असल्या तरी काही बदललेले नाही.

थोडक्यात, आपल्या दोन प्रश्नांची उत्तरे अशी. सॉफ्टवेअर सध्या घेऊ नये. मासिक निर्णयबैठक आणि कागदांतले बदल वर्षभर सुरळीत चालले, आणि तरीही शोधणे जड जाऊ लागले, तर घ्यावे. वर्गीकरण ‘तांत्रिक, आर्थिक, व्यवस्थापकीय’ असे न करता, धडा कोणत्या कागदात आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर लागतो यानुसार करावे, म्हणजे निविदा करणाऱ्याला फक्त निविदेच्या ओळी दिसतील.

जुन्या तीनशे नोंदी सगळ्या सुधारत बसू नका. निविदा निघणार असलेल्या दोन कामांच्या जागा, जमीन आणि स्वरूप यांना लागू पडणाऱ्या तेवढ्या वेचा. माझ्या अंदाजाने त्या चाळीसच्या वर निघणार नाहीत. त्या लिहिणाऱ्यांपैकी जे अजून संस्थेत आहेत त्यांना फोन करून खरे कारण विचारा आणि नोंद नव्याने लिहा. उरलेल्या बाजूला ठेवा, त्या पुढच्या कामाच्या वेळी पाहता येतील. मसुदा अजून मंजुरीला गेला नसेल तर ट्रायल पिटची स्वतंत्र बाब, हायड्रोटेस्टच्या पाण्याची जबाबदारी आणि परवानग्यांचे तपशीलवार वेळापत्रक या तीन गोष्टी आधी घाला. निविदा त्याआधीच प्रसिद्ध झाली, तरी निविदापूर्व बैठकीनंतर शुद्धिपत्रक काढता येते. त्या बैठकीची तारीख आजच विचारून ठेवा आणि लाल पेन्सिलची बैठक तिच्या किमान एक आठवडा आधी लावा.